आधी पान उलटा, मग बाटली उघडा

श्रावण घेवड्याची परतून केलेली भाजी, वालाचं बिरडं, पावट्याची रस्सेदार उसळ... आपल्या स्वयंपाकघरातून या शेंगा वजा केल्या तर पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत ताटात काय वाढायचं, हा प्रश्नच पडेल. गावाकडे परसात, तालुक्याच्या ठिकाणी कुंपणावर आणि शहरात गच्चीवर घेवड्याचा किंवा वालाचा एखादा वेल असतोच. तो लावते बाई, पाणी घालते बाई आणि शेंगा तोडतेही बाईच. पण वेलाच्या पानावर डाग दिसला की मात्र ती गोंधळते. मग पान घेऊन कुणीतरी दुकानात जातं. दुकानदार पानाकडे बघतो न बघतो आणि एक बाटली पुढे करतो. ‘‘हे मारा, सगळं जाईल.’’

मैत्रिणींनो, आज बोलायचंय ते या ‘सगळं जाईल’बद्दल.

बुधवार पेठेत राहणाऱ्या बाईने घेवड्यावर लिहावं, याचं काहींना नवल वाटेल. आमची पेठ म्हटलं की लोकांना तुळशीबाग आठवते, दगडूशेठचा गणपती आठवतो, तांबडी जोगेश्वरी आठवते. शेती कुणाला आठवणार? पण आमच्या बचत गटातल्या निम्म्या बायका मूळच्या पुरंदर, भोर, कोरेगावकडच्या. कुणी धुणीभांडी करते, कुणी फुलांच्या माळा ओवते, कुणी मंडईत भाजी निवडून देते. गावची माती सुटली तरी हात स्वस्थ बसत नाहीत. त्यामुळे आमच्या जुन्या वाड्यांच्या गच्च्यांवर तेलाचे रिकामे डबे, फुटके टब, प्लास्टिकचे ड्रम यांत घेवडा, वाल, चवळी छान वर चढलेली दिसते. घरापुरती भाजी होते, उरली तर शेजारणी विकत नेतात.

एका भाद्रपदात गटातल्या एक मावशी पिशवीतून चार पानं आणि एक बाटली घेऊन बैठकीला आल्या. ‘‘ताई, वेलाला गंज चढलाय बघा. दुकानदार म्हणाला, दर आठ दिवसांनी फवारा.’’ बाटलीवरची अक्षरं मुंगीएवढी. माझा चष्मा आणि एका कॉलेजातल्या मुलीचे डोळे असं मिळून आम्ही ती वाचली. त्यावर लिहिलं होतं की फवारल्यानंतर दहा दिवस शेंग तोडू नये.

‘‘मावशी, तुम्ही शेंगा किती दिवसांनी तोडता?’’

‘‘एक दिवसाआड. नाहीतर जून होतात ना!’’

सगळ्याजणी एकमेकींकडे बघत राहिल्या. आज फवारायचं, परवा तोडायचं आणि त्याच दिवशी पोरांच्या डब्यात द्यायचं! ती बाटली त्या दिवशी उघडली गेली नाही.

घेवड्याचं गणित वेगळं

ज्वारी, तूर ही पिकं एकदाच काढायची असतात. घेवड्याचं तसं नाही. पेरल्यापासून साधारण ४५ ते ५० दिवसांनी पहिला तोडा येतो आणि मग दर दोन-तीन दिवसांनी तोडावंच लागतं. कोवळी शेंग, तिही सालासकट आपण खातो. म्हणून बाटलीवर लिहिलेला थांबण्याचा काळ या भाजीला पाळणं फार कठीण. पाळायचा तर मधले तीन-चार तोडे टाकून द्यावे लागतात. ते कोण टाकतं? त्यामुळे घेवड्याचं पहिलं औषध म्हणजे आपले डोळे. रोग वेळेत ओळखला, तर दहापैकी बऱ्याच वेळा बाटलीची गरजच पडत नाही. आणि ओळखलाच नाही, तर भलत्या रोगावर भलतं विष पडतं.

पानाची पाठ वाचा

बुरशी म्हणजे काय, तर भाकरीवर, लोणच्यावर धरते त्याच जातकुळीतली सूक्ष्म जीवसृष्टी. सगळ्याच बुरश्या वाईट नसतात, बरं का! १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागलं, ते बुरशीपासूनच. आपल्या पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह सांभाळला जातो. पण घेवड्याच्या मुळावर उठणाऱ्या बुरश्याही आहेत. त्यांतल्या चार-पाच ओळखता आल्या तरी पुष्कळ झालं.

पहिला तांबेरा. मावशींच्या वेलावर होता तो हाच. सुरुवातीला पानाच्या खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे फिकट फोड येतात. थोड्या दिवसांत ते फुटतात आणि त्यांतून विटकरी पूड बाहेर पडते. ओळखण्याची युक्ती अगदी सोपी. पांढऱ्या फडक्याने पानाची पाठ हलकेच पुसा. फडक्यावर गंजासारखा डाग उठला की तांबेरा समजावा. ती पूड म्हणजे त्या बुरशीची बीजं. वाऱ्याने ती शेजारच्या पानावर जातात आणि पान सलग दहा-बारा तास ओलं राहिलं, हवा सौम्य असली, की तिथे रुजतात. दहा-पंधरा दिवसांत नवे फोड तयार!

दुसरी भुरी. पानावर कुणी टाल्कम पावडर शिंपडल्यासारखी दिसते. ही बहुधा पानाच्या वरच्या बाजूने सुरू होते आणि बोटाने पुसली जाते. तांबेऱ्याला पानावर पाणी लागतं, भुरीला मात्र पानावर थेंब नसला तरी चालतं. दिवसा कोरडं, रात्री गारठा आणि हवेत दमटपणा, अशा हिवाळ्याच्या दिवसांत ती जोर धरते. पुरंदरकडे वाटाण्यावर भुरी येते, हे आमच्या गटातल्या बायकांना लहानपणापासून माहीत आहे.

तिसरा करपा, आणि हा सगळ्यांत लबाड. पान उलटं केलं की शिरा काळपट-तांबड्या झालेल्या दिसतात. शेंगेवर मात्र त्याची खरी ओळख पटते. गोल, काळसर, आत दबलेले खड्डे पडतात आणि दमट हवेत त्यांच्या मध्यभागी गुलाबीसर चिकट पदार्थ दिसतो. ढगाळ, गार, भुरभुर पावसाची हवा त्याला मानवते. आणि तो बियाण्यातून पुढच्या वर्षी परत येतो. त्याबद्दल पुढे सांगतेच.

चौथे कोनीय ठिपके. नाव अवघड असलं तरी खूण सोपी आहे. ठिपके गोल नसतात, शिरांच्या चौकटीत अडकल्यासारखे चौकोनी, तिकोनी दिसतात. पाठीमागे करड्या रंगाची बारीक लव दिसू शकते.

पाचवी मूळकूज आणि मर. काल तरतरीत असलेला वेल आज दुपारी मान टाकतो. बायका म्हणतात, ‘‘पाणी कमी पडलं,’’ आणि अजून पाणी घालतात! आधी बुंध्याजवळची माती बोटाने उकरून बघा. माती ओली असूनही वेल सुकत असेल, बुंधा तपकिरी, मऊ झाला असेल, पांढरे धागे किंवा मोहरीसारखे दाणे दिसत असतील, तर दुखणं मुळाशी आहे. तिथे जास्तीचं पाणी म्हणजे आगीत तेलच.

ही बुरशी नव्हेच

इथेच खरी फसगत होते. पानावर पिवळे-हिरवे पट्टे, पान आकसलेलं, पण पूड नाही, डाग पुसला जात नाही, तर तो विषाणूचा केवडा असण्याची शक्यता जास्त. तो पांढरी माशी किंवा माव्यासारख्या किडी पसरवतात. त्यावर कितीही बुरशीनाशक ओता, उपयोग शून्य. असा वेल लवकर उपटलेला बरा.

पानं चिकट, त्यावर काजळी धरल्यासारखा थर आणि वेलावर मुंग्यांची रांग दिसली, तर शेंड्याकडे बघा. वालाच्या शेंड्यावर काळा मावा लगडलेला असतो. त्याच्या गोड चिकट्यावर ती काजळी वाढते. मावा पाण्याच्या धारेने धुतला, की काजळीही हळूहळू जाते. पान बारीक ठिपक्यांनी निस्तेज झालं असेल, तर ते पांढऱ्या कागदावर झटका. धुळीचे कण चालू लागले तर ते कोळी आहेत! आणि अगदी खालची चार पानं एकसारखी पिवळी पडत असतील, तर ते बहुतेक म्हातारपण किंवा खताची कमतरता. त्याला रोग म्हणू नये.

बघा, म्हणजे ‘पानावर डाग’ या एका तक्रारीमागे सात-आठ वेगवेगळी कारणं. सगळ्यांना एकच बाटली कशी चालेल?

वारा, ऊन आणि कोरडं पान

आमच्या पेठेतल्या वाड्यांच्या गच्च्यांचं एक दुखणं आहे. बाजूला उंच इमारती झाल्या, त्यामुळे ऊन येतं ते दुपारी दोन-तीन तास. वारा कोंडलेला. सकाळी अकरापर्यंत पान वाळत नाही. तांबेऱ्याला याहून काय हवं? ज्यांच्या परसात भिंतीला लागून दाट वेल आहे, त्यांचीही हीच गत.

मावशींच्या वेलाचं आम्ही काय केलं, ते सांगते. कोरड्या दुपारी रोगट पानं कात्रीने काढली आणि लगेच पिशवीत बंद केली. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतची सगळी जुनी पानं काढून टाकली. दोन डबे भिंतीपासून लांब सरकवले आणि दोऱ्या बांधून वेल पसरवला. संध्याकाळी झारीने अंगावर पाणी घालायची सवय बंद केली. सकाळी, बुंध्याशी, तांब्याने पाणी. बस्स! तांबेरा पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही, पण नवी पानं बरीच स्वच्छ आली आणि वेलाने आणखी महिनाभर भाजी दिली.

आणखी एक नियम आमच्या गटाने भिंतीवर लिहून ठेवलाय. ओल्या वेलाला हात लावायचा नाही. पावसात शेंगा तोडल्या, की करप्याची बीजं आपल्याच हातांनी, आपल्याच पदराने या वेलावरून त्या वेलावर जातात. पानं वाळू द्या, मग तोडा. आधी निरोगी वेल, शेवटी रोगट वेल. मग हात आणि कात्री साबणाने धुवा.

काढलेली रोगट पानं वेलाखाली किंवा खताच्या डब्यात टाकू नका. गावी असाल तर लांब खड्ड्यात पुरा. ज्या मातीत करपा किंवा मर आली, तिथे पुढची दोन-तीन वर्षं घेवडा, वाल नको. त्याऐवजी मेथी, माठ, वांगी लावा. ड्रममधली माती बदलणं शक्य नसेल, तर ती ओली करून, पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाकून एप्रिल-मेच्या कडक उन्हात चार ते सहा आठवडे तापू द्या.

बी राखणाऱ्या हातांसाठी

पुढच्या वर्षाचं बी गाडग्यात राखून ठेवणं हे आपल्याकडे बायकांचंच काम. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम आयुष्यभर केलं, वाल-घेवड्याचे कितीतरी गावठी वाण जपले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं ज्ञान देशाने मानलं, ते बियाण्यामुळे!

पण बी राखताना नजर हवी. करपा बियाण्यातून येतो, म्हणून डाग पडलेल्या शेंगेतलं बी ठेवायचं नाही, मग ते कितीही टपोरं दिसो. इथे एक गंमत सांगते. साताऱ्याच्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या दाण्यावर तांबूस रेघा असतात. ती त्याची शोभा, रोग नव्हे. मग फरक कसा ओळखायचा? बोट फिरवा. जातीची रेघ गुळगुळीत लागते. करप्याचा डाग काळसर-तपकिरी असतो आणि बहुतेकदा खोलगट लागतो.

पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळावा. ही स्वतः एक बुरशीच आहे, पण उपकारी. मूळकुजीच्या बुरशीला ती जागा देत नाही. किलोभर बियाण्याला साधारण पाच ग्रॅम पुरतो, म्हणजे आपल्या मूठभर बियाण्याला चिमूटभर. थोडा शेणखतात मिसळून मातीतही घालता येतो. मात्र त्यासोबत रासायनिक बुरशीनाशक वापरू नये, नाहीतर ही उपकारी बुरशीच आधी मरायची.

फवारायचंच झालं तर

भुरी थोडी असेल, तर दुधाचा एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे. ब्राझीलमधले शास्त्रज्ञ वॅग्नर बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये झुकिनी या काकडीच्या कुळातल्या भाजीवर पाणी मिसळलेलं दूध फवारून भुरी आटोक्यात आल्याचं दाखवलं. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, सकाळी. आधी दोन-चार पानांवर करून बघा. हा उपाय भुरीचा आहे, करप्याचा नव्हे, हे विसरू नका.

त्यापुढची पायरी म्हणजे पाण्यात मिसळणारं गंधक. लिटरभर पाण्याला साधारण दोन ग्रॅम, पण शेवटी पाकिटावर लिहिलेलं प्रमाणच खरं. कडक उन्हात ते पानं भाजतं, आणि कडुलिंबाच्या तेलाची फवारणी केली असेल तर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. करप्यासाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण शंभरहून अधिक वर्षं वापरात आहे. फ्रान्समध्ये चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर असलंच काहीतरी शिंपडलं जाई. त्या वेलींवर रोग कमी दिसला आणि १८८५ मध्ये मियार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने हा उपाय जगापुढे मांडला. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना हे त्याचं एक टक्क्याचं प्रमाण. मात्र ते वेलाच्या लहानपणी, शेंगा धरण्याआधी आणि आधी दोन-चार पानांवर पाहूनच वापरावं.

जुन्या पुस्तिकांत भुरीसाठी डिनोकॅप सुचवलेलं आढळतं. केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली आहे. घरात जुनी बाटली असेल तर वापरू नका.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले. त्या घरांतल्या बायकांचं पुढे काय झालं असेल, याचा विचार करा. नवरा फवारून येतो, त्याचे कपडे कोण धुतं? औषधाची रिकामी बाटली घासून त्यात रॉकेल, तेल कोण भरतं? फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी खुरपायला कोण जातं? आपणच. म्हणून बाटलीवरचा रंगीत त्रिकोण बघायला शिका. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य, पण निर्धोक नव्हे. फवारणीचे कपडे वेगळे भिजवा, हातमोजे घाला, रिकामी बाटली फोडून टाका, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना फवारणीपासून लांब ठेवा.

एक शंका मला नेहमी विचारली जाते. ‘‘ताई, डाग पडलेली शेंग खाल्ली तर आजार होतो का?’’ तांबेरा, भुरी, करपा हे वेलाचे रोग आहेत, ते माणसाला लागत नाहीत. एखाददुसरा डाग कापून बाकीची शेंग धुऊन शिजवावी. शेंग मऊ पडली असेल, कुजली असेल किंवा पिशवीत राहून तिला बुरशी धरली असेल, तर मात्र सरळ टाकावी. आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी रोगट वेल झाडताना नाकाला फडकं बांधावं.

कपाटाच्या दारावर चिकटवा

• आठवड्यातून दोनदा, सकाळी, पाच-सहा पानं उलटून बघायची.

• विटकरी पूड म्हणजे तांबेरा, पांढरी पावडर म्हणजे भुरी, शेंगेवर खड्डे म्हणजे करपा, ओल्या मातीत वेल सुकला तर मुळाशी रोग.

• पाणी सकाळी आणि बुंध्याशी. ओल्या वेलाला हात नाही.

• पहिलं रोगट पान दिसेल त्याच दिवशी काढायचं.

• डागाळलेल्या शेंगेचं बी राखायचं नाही.

• दुकानात जायचंच तर पान, शेंग आणि बुंध्याजवळचा तुकडा घेऊन जायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. रोगाचं नाव काय? हे औषध घेवड्यावर चालतं असं लेबलवर लिहिलंय का? फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही?

दुकानदाराला उत्तरं देता आली नाहीत, तर पैसे पर्समध्येच ठेवा. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा किंवा १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोला. हे क्रमांक फक्त पुरुषांसाठी नाहीत आणि त्यासाठी सातबाऱ्यावर नाव असावं लागत नाही. डब्यात दोन वेल लावणारी बाईही शेतकरीच!

तांदळातला खडा आपण नजरेने टिपतो, दूध नासणार हे वासावरून सांगतो, लेकराचा ताप कपाळाला हात लावून ओळखतो. मग घेवड्याचं पान वाचणं आपल्याला काय अवघड? उद्या सकाळी चहा ठेवण्याआधी वेलापाशी जा आणि एक पान उलटून तर बघा.